तोंड मिटून पोहणाऱ्या चंदनबालाताई

चंदनबालाताईंबद्दल मला फार थोडं माहीत आहे, हे आधीच सांगून टाकतो. त्यांचं घर मी आतून पाहिलेलं नाही. त्यांचं शिक्षण किती, हे विचारायचं राहूनच गेलं. त्यांचे यजमान सुकुमार यांना मी एकदाच पाहिलं, तेही हेल्मेटमध्ये. आमची ओळख सांगलीच्या घाटावरच्या शेवटच्या चार पायऱ्यांपुरती. त्यांच्या वेणीतून आणि माझ्या टकलावरून पाणी निथळत असताना जेवढं बोलणं होतं, तेवढंच आमचं बोलणं.

घाटावरच्या मंडळींनी यंदा एक छोटी स्मरणिका काढायचं ठरवलं. लालासाहेब म्हणाले, "भाऊसाहेब, मॅडमवर तुमीच लिवा. आमी बोलतो लय, पण कागद दिसला की पेन हालत न्हाई." पेन माझंही हलत नाही. पण मला नाही म्हणता येत नाही, हे घाटावर सगळ्यांना माहीत आहे.

मी मूळचा पाटणचा. पाटबंधारे खात्यात कारकून होतो, म्हणून सगळे भाऊसाहेब म्हणतात. निवृत्त झाल्यावर विश्रामबागेत राहिलो आणि गुडघ्यांसाठी नदीत उतरायला लागलो. मला फार पोहता येत नाही. काठाकाठानं जातो आणि येतो. लालासाहेब मात्र नदीतलेच. पलीकडच्या सांगलवाडीत त्यांच्या म्हशी आहेत. तरुणपणी कुस्ती केलेली, मान अजून पायलीएवढी. उन्हाळा लागला की घाटावर येणाऱ्या पोरांना ते फुकट पोहायला शिकवतात. पोराच्या पाठीला झाकण घट्ट लावलेला रिकामा प्लास्टिकचा डबा बांधायचा आणि द्यायचं पाण्यात सोडून. पंधरा दिवसांत पोर पोहायला लागतं.

यंदा होळी झाल्यावर एका सकाळी या पोरांच्या रांगेत एक बाई उभ्या राहिल्या. वय पन्नाशीला टेकलेलं, अंगात गडद निळा सलवार-कमीज, ओढणी कमरेला घट्ट बांधलेली. पुढं पहिलीतलं पोर, मागं तिसरीतलं पोर, मध्ये या.

लालासाहेबांना वाटलं, पोराला घेऊन आल्या असतील. "पोरगं कुटंय तुमचं?"

"इंजिनिअरिंगला आहे," बाई म्हणाल्या. "मलाच शिकायचंय."

लालासाहेब जरा गडबडले. मग त्यांनी एक मोठा डबा शोधला, तेलाचा, पाच लिटरचा. बाईंनी तो स्वतः पाठीला बांधायचा प्रयत्न केला, पण उजवा हात मागं जाईना. खांदा जखडला होता. तेवढ्यासाठीच त्या आल्या होत्या. वर्षभर त्यांना स्वतःची वेणी घालता येत नव्हती. सासूबाई घालून देत. विश्रामबागेतल्या डॉक्टरांनी सांगितलं, पोहा, आणि रोज एक तास स्वतःसाठी काढा. "मी म्हटलं, डॉक्टर, तो तास कुठल्या दुकानात मिळतो ते पण चिठ्ठीवर लिहून द्या," असं त्यांनी मला पुढं एकदा सांगितलं. पोहण्याच्या तलावावर बायकांची वेळ अकरा ते बारा. तेव्हा त्या बँकेत खुर्चीवर. राहिली नदी.

त्या दिवशी डबा मी बांधून दिला. म्हणजे लालासाहेब म्हणाले, "भाऊसाहेब, धरा जरा," म्हणून धरला. गाठ मारताना मी दुसरीकडं बघत होतो, त्यामुळं ती सुटली आणि डबा एकटाच आयर्विन पुलाकडं निघाला. पोरं आरडाओरडा करत त्याच्या मागं. बाई कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहून पोट धरून हसल्या. मग मला म्हणाल्या, "काका, सकाळी उठल्यापासून माझं डब्यांचंच चाललेलं असतं. पोराचा डबा, नवऱ्याचा डबा, माझा डबा. हा एकच असा भेटला की भरावा लागत नाही. तो पण पळाला बघा."

त्या चंदनबालाताई.

त्या आठवड्यात मी पासबुक भरून घ्यायला बँकेत गेलो. मशीन बंद होतं. काचेच्या खोलीतून एक बाई बाहेर आल्या, कडक इस्त्रीची साडी, गळ्यात ओळखपत्र, चष्मा. म्हणाल्या, "काका, आज लवकर गेलात?" मी उठून उभा राहिलो. म्हटलं, "मॅडम, आपली ओळख?" त्या म्हणाल्या, "अहो, परवा सकाळी तुम्ही माझा डबा धरला नव्हता का?" काउंटरवरची दोन माणसं मान वर करून माझ्याकडं बघायला लागली. मी बाहेर पडलो तेव्हा पासबुक तिथंच राहिलं होतं.

त्यांचं माहेर समडोळीचं. शेतकरी जैन घर. मळ्यात मोठी विहीर. भाऊ उन्हाळाभर विहिरीत उड्या मारायचे आणि ही काठावर बसून त्यांचे कपडे सांभाळायची. "कुणी नको म्हटलं नव्हतं काका," त्या म्हणाल्या. "पण चल म्हणूनही कुणी म्हटलं नाही. कपडे कुणीतरी सांभाळायचेच होते." मग लग्न होऊन माधवनगरला आल्या. सुकुमारांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. शेतावरच्या जळालेल्या मोटारी यांच्याकडं येतात. ताई बँकेत कारकून म्हणून लागल्या आणि परीक्षा देत देत वर चढल्या. दोन वेळा बढती आली ती नको म्हणाल्या. एकदा मुलगा सम्मेद दहावीला होता म्हणून, एकदा सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं म्हणून. हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही. टॉवेलनं कान पुसता पुसता सांगितलं.

त्या घाटावर आल्यापासून थोड्याच दिवसांत सगळ्यांना एक गोष्ट माहीत झाली. या बाईंना डबा सोडून पलीकडं सांगलवाडीच्या काठाला जायचं होतं, आणि पाऊस सुरू होऊन पाणी चढायच्या आत. खांदा हे निमित्त होतं. लालासाहेबांनी विचारलं, "पलीकडं काय काम हाय तुमचं?" त्या म्हणाल्या, "काहीच नाही. म्हणूनच जायचंय."

पण एक अडचण होती आणि ती कुणाच्या लक्षात येत नव्हती. ताई पोहायच्या चांगल्या. हात नीट पडायचे, पाय सुटायचे. पण आठ-दहा हात मारले की तोंड लालबुंद व्हायचं आणि त्या उभ्या राहायच्या, नाकानं फूं फूं करत. पहिलीतली पोरं डबे सोडून पुढं गेली, या तिथंच. लालासाहेब काठावरून ओरडायचे, "आवं ताई, दम घ्या की! तोंड उघडा! माशागत मिटून काय धरलंय?"

ताई मान हलवायच्या, परत सुरू करायच्या, परत तोंड मिटलेलं.

एके दिवशी त्या पायरीवर धापा टाकत बसल्या होत्या. मी भीत भीत विचारलं, "ताई, तोंड उघडायला काही त्रास आहे का? दात वगैरे?"

त्या खूप हसल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "काका, लालासाहेबांना सांगू नका. मी अव्वांना शब्द दिलाय."

अव्वा म्हणजे सासूबाई. त्यांच्या घरात नळाला अजून फडकं बांधलेलं असतं. गाळल्याशिवाय थेंबसुद्धा पोटात जाणार नाही. सूर्य मावळायच्या आत जेवण. ताई बँकेतच साडेपाचला डबा उघडून जेवून घेतात, हे तिथल्या शिपायालाही पाठ. सून नदीत जाणार म्हटल्यावर अव्वा आठवडाभर बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, खांद्यासाठी जातीस तर जा, पण नदीचं न गाळलेलं पाणी एक थेंब तोंडात जाता कामा नये. ताई हो म्हणाल्या, आणि तोंड मिटून पोहायला लागल्या.

मी म्हटलं, "पण मग श्वास?"

"नाकानं जमेल तेवढा."

"असं पलीकडं कसं जाल?"

"तेच तर रोज बघतेय," त्या म्हणाल्या, आणि परत पाण्यात उतरल्या.

धर्माची गोष्ट, त्यात सासू-सुनेची. मी आपला काठाकाठानं पोहत राहिलो.

एप्रिलमध्ये बँकेत नवे विभागीय साहेब आले, उत्तरेकडचे. त्यांना सकाळी लवकर कामाला लागायची सवय. शाखेचे मॅनेजर आजारी रजेवर होते आणि शाखा ताईंच्या अंगावर होती. साहेबांनी ठरवलं, सगळ्या शाखांनी रोज सकाळी साडेसहाला फोनवर यायचं आणि काल काय केलं, आज काय करणार ते सांगायचं. साडेसहा म्हणजे ताईंचा पाण्यातला वेळ. दोन दिवस त्या आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आल्या, फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून.

"आज सांगते त्यांना," मला म्हणाल्या. "नऊला ठेवा म्हणते. नाही ऐकलं तर संपलं काका माझं पोहणं. याच्याआधी येते म्हटलं तर अंधार, नंतर येते म्हटलं तर डबे आणि बँक."

त्या पाण्यात पाय सोडून खालच्या पायरीवर बसल्या आणि पिशवीतला फोन कानाला लावला. मी शेजारीच पायाला तेल लावत होतो. पाण्यात त्या वेळी बरीच माणसं होती. पोरं, दोन-तीन बायका, एक वकील. वकील उताणे तरंगत होते, पोट बेटासारखं वर.

ताई मुळात हळू बोलणाऱ्या. त्यात साहेबांसमोर अजून हळू. "जी सर... हां सर..." चाललं होतं. पलीकडून साहेब बोलत होते, बोलतच होते. पिशवीतल्या फोनमधून त्यांना नीट ऐकू जात नव्हतं बहुतेक. ताई म्हणाल्या, "मगर सर..." साहेब बोलतच. "मगर सर, सुबह..." तरी बोलतच. शेवटी ताईंनी जो आवाज लावला, तो मी त्यांच्या तोंडून आधी कधी ऐकला नव्हता.

"मगर! सर, मगर!"

आता सांगलीबाहेरच्या वाचकासाठी सांगतो. आमच्या कृष्णेत मगर आहे. वरच्या अंगाला दिसते, कधीमधी खालीही आल्याचं बोलतात. घाटावर हा शब्द मोठ्यानं कुणी गंमत म्हणूनसुद्धा उच्चारत नाही.

सगळी नदी एकदम फुटली. लालासाहेबांनी दोन पोरं दोन काखेत मारली आणि पायऱ्या चढले. बायका किंचाळत वर. डबे बांधलेली पोरं एकमेकांवर आपटत वर, डब्यांचा नुसता खडखडाट. उताणे वकील कधी सुलटे झाले आणि कधी सगळ्यांच्या आधी वर पोचले, हे कुणालाच सांगता आलं नाही. मी पाण्यात नव्हतोच, तरी पळालो. सगळे एका सुरात "मगर! मगर!" ओरडत होतो.

ताई एकट्या खाली, कानाला फोन, मागं वळून आमच्याकडं बघत. त्यांना काही कळेना. फोनमधून साहेबांचा आवाज मला वरपर्यंत ऐकू आला. "क्या हुआ मैडम? ये शोर कैसा?"

"सर, सब लोग मगर मगर चिल्ला रहे हैं," ताई म्हणाल्या.

"आप हैं कहाँ?"

"नदी में, सर."

"नदी में? मैडम, आप बाहर निकलिए! पहले बाहर निकलिए! मीटिंग छोड़िए!"

फोन बंद झाला. ताई उठून वर आल्या. लालासाहेब छातीवर हात ठेवून उभे. "कुटं बघितली?"

"काय?"

"मगर!"

"मी कुठं बघितली? तुम्हीच ओरडताय."

"आवं, तुमी वरडला की! मगर, मगर म्हनून! दोनदा!"

ताईंनी लालासाहेबांकडं बघितलं, हातातल्या फोनकडं बघितलं, आणि डोक्याला हात लावून पायरीवर बसल्या. "अहो, ते हिंदीतलं मगर! पण म्हणून मगर! 'पण सर, पण सर' म्हणत होते मी!"

पुढचा अर्धा तास घाटावर कुणीच पोहलं नाही. सगळे हसत होते. वकील सोडून. ते म्हणाले, हिंदी बोलायचं तर लेकिन म्हणावं, निदान नदीवर तरी.

दुपारी साहेबांचा ताईंना फोन आला. आधी तब्येत विचारली. मग म्हणाले, सांगलीवाल्या मॅडमनी सकाळच्या मीटिंगला यायची गरज नाही, साडेनऊला बँकेत पोचल्यावर बोलायचं. "मी खोटं एक अक्षर बोलले नाही काका," ताईंनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. त्यांना तेवढी एक काळजी लागून राहिली होती. "त्यांनी विचारलं ते ते खरं सांगितलं. होय ना? तुम्ही होतात ना तिथं?" मी होय म्हटलं. पुढं त्यांनी साहेबांना सगळं उलगडून सांगितलं तेव्हा साहेबही हसले म्हणे, पण ताईंची साडेनऊची वेळ तशीच ठेवली.

मात्र त्याच दिवशी ही बातमी ताईंच्या आधी घरी पोचली होती. माधवनगरच्या दूधवाल्यानं अव्वांना सांगितलं, तुमच्या सुनेच्या अंगावर मगर आली. कुणी म्हणे सुनेनं मगरीला हाकललं. दुसऱ्या दिवशी पहाटे अव्वा लुगडं नेसून, काठी घेऊन दारात उभ्या. "मी येणार," म्हणाल्या. सुकुमारांनी त्यांना स्कूटरवर मागं बसवून घाटावर सोडलं आणि हेल्मेट न काढता, वरूनच मान हलवून ते दुकानाकडं गेले. मी त्यांना पाहिलं ते हेच.

लालासाहेबांनी अव्वांना हात धरून खाली आणलं, माझ्याशेजारी पायरीवर बसवलं. अव्वा बारीक अंगाच्या, पांढरेशुभ्र केस, नजर मात्र अशी की मी आपसूक पाय जवळ घेतले.

"कुटं हाय ती मगर?" अव्वांनी विचारलं.

"मगर न्हवती आज्जी," लालासाहेब म्हणाले. "हिंदी हुती."

अव्वांनी माझ्याकडं बघितलं, हा माणूस शुद्धीत आहे ना अशा नजरेनं. मी मान डोलावली. मग त्यांनी काठी दोन्ही हातांत धरली, हनुवटी तिच्यावर टेकवली आणि नदीकडं तोंड करून म्हणाल्या, "बघू दे, काय करती ही."

ताईंच्या चेहऱ्यावरून कळत होतं, की आज हा शेवटचा दिवस असं त्यांनी धरलंय. त्या पाण्यात उतरल्या. ओठ घट्ट मिटले. हात मारायला लागल्या. एक, दोन, तीन... तोंड लाल. मान वर काढून नाकानं फूं केलं, परत खाली. डोळे बाहेर यायची वेळ. उभ्या राहिल्या, छातीचा भाता. परत ओठ मिटले, परत सुरू.

अव्वांनी मला विचारलं, "आवं, ही तोंड का दाबून धरती?"

मला बोलायचं नव्हतं. पण त्यांनी काठीनं माझ्या पायाशी टकटक केलं. म्हटलं, "अव्वा, तुम्हाला शब्द दिलाय म्हणे. न गाळलेला थेंब तोंडात जाऊ द्यायचा नाही."

"म्हणून वारं बी घेत न्हाई?"

"नाही. गेला दीड महिना असंच."

अव्वांचे ओठ हलायला लागले. जप करत होत्या की मनात मला काही बोलत होत्या, कळेना. मग एकदम काठी पायरीवर आपटून त्या अशा ओरडल्या की लालासाहेब पाण्यात दचकले.

"अगं ए चंदना! तोंड उघड की गं! अय्यो, मरशील! मी पाणी पिऊ नगं म्हटलं हुतं, वारं घिऊ नगं म्हटलं हुतं व्हय?"

ताई पाण्यात उभ्या राहून बघायला लागल्या. "पण अव्वा, पाणी जातं ना आत."

"गेलं तर थुक! थुकायला येत न्हाई तुला?"

"मी दीड महिना सांगतोय," लालासाहेब म्हणाले, "तवा ऐकंना!"

"तुमी गप बसा," अव्वा म्हणाल्या. "तुमी शिकवायला हुता आणि ही मरायला लागली हुती, तेवडं दिसलं न्हाई?"

त्या दिवशी चंदनबालाताई तोंड उघडून पोहल्या. पहिल्या श्वासाला पाणी गेलं, खोकल्या, थुंकल्या, काठाकडं बघितलं. अव्वांनी हातानं 'चल पुढं' केलं. मग त्यांना तो ताल सापडला. मान वळवायची, तोंडानं श्वास, मान खाली, बुडबुडे. एवढंसं तर असतं. आठवड्यात डबा सुटला. लालासाहेबांनी तो पोरांच्या ढिगात फेकला तेव्हा एक पोर म्हणालं, "काकू पास झाल्या!"

अव्वा नंतर रोज यायला लागल्या. त्यांनाही ते आवडलं असावं. पायरीवर बसून त्या बायकांना सल्ले द्यायच्या. ज्यांना मागितला नव्हता त्यांनाही.

मे संपता संपता, आभाळ भरून यायला लागलं होतं, तेव्हा एका सकाळी ताई म्हणाल्या, "आज." लालासाहेब एका बाजूला हवा भरलेली ट्यूब घेऊन. दुसऱ्या बाजूला मी थोडा गेलो, पण पाणी मानेला लागल्यावर परत फिरलो आणि अव्वांजवळ येऊन बसलो. अव्वांचे डोळे मिटलेले, तोंडात णमोकार मंत्र. ताईंचा फोन पिशवीत घालून त्यांच्या मांडीवर.

ताई निम्म्यात पोचल्या असतील नसतील, फोन वाजला. अव्वांनी एक डोळा उघडून पिशवी माझ्याकडं दिली. मी बटण दाबून ती त्यांच्या कानाला लावली.

"कोण? सुकू? पोहती अजून. काय? ... थांब, इचारते."

आणि अव्वा उठून उभ्या राहिल्या. "चंदनाss! सुकू इचारतोय, डाळीला शिट्ट्या किती?"

नदीच्या मध्यावर ताईंची मान वर आली.

"आवं आज्जी, आता न्हवं!" लालासाहेब तिकडून ओरडले. "ताई, बोलू नका! हात मारा, हात!"

त्यांनी हात मारले. मी बघत होतो. एवढ्या लांबून कोण कुठलं कळत नव्हतं, फक्त एक काळं डोकं आणि त्याच्या मागं लालासाहेबांची ट्यूब. मग ते डोकं वर आलं, खांदे आले, कंबर आली, आणि सांगलवाडीच्या चिखलात गुडघ्यापर्यंत रुतून एक बाई उभी राहिली. तिनं दोन्ही हात सरळ वर केले, दुखणारा उजवाही. आणि तोंड उघडून, नदीच्या अलीकडं-पलीकडं सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडली, "चाssर!"

"चार म्हणती," अव्वा फोनमध्ये म्हणाल्या.

जूनमध्ये पाणी गढूळ झालं आणि आमचा घाट बंद पडला. पाऊसकाळात आमची गाठभेट नाही. ऑगस्टमध्ये पाणी चढलं तेव्हा सगळी सांगली जाते तसा मीही आयर्विन पुलावर पाणी बघायला गेलो. गर्दी होती. किती फूट झालं, कोयनेतून किती सोडलं, हेच सगळ्यांच्या तोंडी. गर्दीतून कुणीतरी हाक मारली, "काका!" ताई होत्या, छत्री धरून. या खेपेला मी साडीतही ओळखलं.

"काका, तुम्ही सातारा बाजूचे ना? साताऱ्यात पोहायला कुठं जातात?"

मी म्हटलं, "सातारा गावात नदी नाही. माहुलीला जावं लागेल, संगमावर. का?"

"बढती आलीय. साताऱ्याला."

अभिनंदन म्हणावं की आता पुन्हा नको म्हणणार का असं विचारावं, याचा मी विचार करत होतो. त्यांनीच सांगितलं. घरात सांगितलं तेव्हा सम्मेद म्हणाला, आई, मी माझा डबा करतो. सुकुमार म्हणाले, मला आता शिट्ट्या माहीत आहेत. त्या अव्वांकडं बघत राहिल्या. अव्वांना विचार करायला दोन दिवस लागले. मग त्यांनी विचारलं, तिथं तुझी वेणी कोण घालणार? ताईंनी उठून, दोन्ही हात मागं नेऊन, त्यांच्यासमोर वेणी घालून दाखवली. अव्वा म्हणाल्या, जा मग.

"पण मी बँकेला अजून कळवलं नाही," ताई म्हणाल्या. "म्हटलं आधी नदीचं बघावं. तिथं गेल्यावर सकाळचा तास परत बँकेच्याच घशात गेला तर काय उपयोग? माहुलीला बायका येतात का हो पोहायला?"

मला माहीत नव्हतं. मी साताऱ्यातल्या माझ्या भाच्याला, विश्वजितला, विचारून सांगतो म्हटलं. विश्वजित म्हणाला, दिवाळीनंतर पाणी निवळलं की सकाळी दोन-चार बायका येतात, त्यात एक डॉक्टर आहे. मी तसं ताईंना फोन करून सांगितलं. मला फोनवर बोलायला आवडत नाही, पण केला. त्या म्हणाल्या, "बरं झालं काका. आता कळवते." एवढंच.

गणपती झाल्यावर त्या साताऱ्याला गेल्या. सुट्टीला घरी येतात. घाटावर यायला त्यांना जमत नाही, घरचीच कामं साचलेली असतात, असं लालासाहेबांनी सांगितलं. अव्वा मात्र रिक्षानं घाटावर येतात आणि नव्या बायकांना तोंड उघडायला सांगतात.

परवा, थंडी पडायला लागली तेव्हा, सकाळी मी पायऱ्यांवर सदरा काढून उभा होतो, उतरावं की नाही याचा विचार करत. फोन वाजला. चंदनबालाताईंचा.

"काका, घाटावर आहात का?"

"आहे."

"पाणी गार आहे का हो तिकडं?"

मी पाय घालून बघितला. "आहे. लय गार."

"इथं पण. मी माहुलीला पायरीवर बसलेय मघापासून. त्या डॉक्टर बाई कधीच उतरल्या."

"मग?"

"मग काय, उतरते आता. तुम्ही?"

"बघतो."

"बघू नका काका, उतरा. ठेवते हं."

"ठेवा," मी म्हटलं.